लाकडावरचा स्टोव्ह : तिघांतला कोणता निवडाल?

अमेरिकेतील व्हर्मॉन्ट, मेन यांसारख्या थंड राज्यांत अनेक घरांच्या दिवाणखान्यात लोखंडी स्टोव्ह दिसतो. स्वयंपाकासाठी नव्हे, तर घर उबदार ठेवण्यासाठी. हिमवादळात वीज गेली की त्याचाच आधार. तिकडे स्थायिक झालेली आपली मुले असा स्टोव्ह घ्यायला गेली, की दुकानदार तीन प्रकार पुढे ठेवतो. तिघांत मुख्य फरक एकच : धूर कसा जाळायचा?

होय, धूरच जाळायचा! लाकडातली बरीच उष्णता धुरातल्या वायूंत असते. धूर न जळता गेला तर ती वाया जाते, हवा बिघडते आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचतो. तो पेटला तर घराला आग लागू शकते.

नॉन-कॅटॅलिटिक : यात ज्वाळेच्या वर बारीक भोकांच्या नळ्यांतून गरम हवा सोडतात. सुमारे ६०० अंश सेल्सिअसला धूर पेटतो. वापर सोपा, काचेतून ज्वाळाही छान दिसतात. मात्र आच मंद केली की धूर नीट जळत नाही. म्हणून लाकडे वरचेवर घालावी लागतात.

कॅटॅलिटिक : यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा लेप असतो. त्यामुळे धूर सुमारे २६० अंशांनाच जळू लागतो. मंद आचेवर रात्रभर ऊब टिकते. पण स्टोव्ह तापेपर्यंत झडप उघडी ठेवायची, मग बंद करायची, हे सांभाळावे लागते. प्लॅस्टिक, रंगीत कागद वा रंगवलेले लाकूड जाळल्यास जाळी निकामी होते. एरवीही काही वर्षांनी ती बदलण्याचा खर्च येतोच.

हायब्रिड : नळ्याही आणि जाळीही. मोठ्या आचेला नळ्या, मंद आचेला जाळी उपयोगी पडते. किंमत बहुधा जास्त, आणि जाळीची देखभाल चुकत नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये धुरातील कणांची मर्यादा कॅटॅलिटिकसाठी ताशी ४.१ ग्रॅम आणि नॉन-कॅटॅलिटिकसाठी ७.५ ग्रॅम ठरवली होती. मे २०२० पासून सर्वच नव्या स्टोव्हना २ ग्रॅम (फोडलेल्या लाकडांवर चाचणी घेतल्यास २.५) अशी एकच मर्यादा लागू झाली. म्हणजे निवड करायची ती घरच्या दिनक्रमावरून. दिवसा कोणी घरी असेल आणि लाकडे घालायचा कंटाळा नसेल, तर नॉन-कॅटॅलिटिक पुरेसा. दोघेही नोकरीला जात असतील आणि थंडी कडाक्याची असेल, तर कॅटॅलिटिक किंवा हायब्रिड घ्यावा; पण झडप आणि जाळी सांभाळण्याची तयारी हवी.

काही गोष्टी मात्र तिन्हींना लागू. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. धुराडे दरवर्षी तपासून साफ करून घ्यावे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, म्हणून त्याची सूचना देणारी घंटा घरात हवीच.

तेव्हा मुलाने फोनवर नव्या स्टोव्हची किंमत सांगितली, तर आधी विचारा, ‘लाकडे फोडून वाळत कधी घातलीस?’ ओल्या लाकडापुढे महागातला महाग स्टोव्हही धूरच ओकणार!