धावायचे खरे, पण घालायचे काय?

फजरनंतर तासाभरात मांडवीच्या रस्त्यावर उभे राहिले, तर बायकांचे चार-पाचजणींचे घोळके चालताना दिसतात. कुणाची साखर निघालेली असते, कुणाला थायरॉईड, कुणाचे वजन तिसऱ्या बाळंतपणानंतर उतरलेच नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असते. जरा धीट असतात त्या चालता चालता हळू धावूही लागतात. मग महिना-दीड महिना जातो आणि घोळका विरळ होतो. कारण विचारले तर उत्तरे ठरलेली: घरात पाहुणे आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत, गुडघा दुखतो, पाऊस लागला.

आम्ही शाळेतल्या काही शिक्षिका सकाळी असे चालतो-धावतो. ओळख वाढली, मोकळेपणा आला, तेव्हा दुसरी कारणे कानावर आली. धावले की छातीत ओढ बसते. पट्टे खांद्यात रुततात. बुरखा दोन पायांत येतो. मांड्या घासून चालवत नाही. एकजण तर एवढेच म्हणाली, "आपा, कसंतरीच वाटतं, लोक बघतात असं वाटतं." म्हणजे इच्छा होती, वेळही काढलेला होता. अडले होते ते कपड्यापाशी, आणि कपड्याबद्दल बोलायची आपल्याकडे सोय नाही. साडीच्या, ड्रेसच्या रंगावर तासभर बोलू, पण आतल्या कपड्याचे नाव आपण बहिणीजवळसुद्धा कुजबुजत घेतो. या लेखात ते सरळ घेतले आहे.

स्तनांमध्ये स्नायू नसतात. त्यांना धरून ठेवते ती वरची त्वचा आणि आतले नाजूक तंतू. चालताना त्यावर फारसा भार येत नाही, पण धावताना प्रत्येक पावलागणिक स्तन वर-खाली, आजूबाजूला आणि पुढे-मागे असे तिन्ही दिशांनी हलतात. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात यावर बरीच वर्षे संशोधन चालले आहे. ही हालचाल इंग्रजी आठच्या आकड्यासारखी होते, असे तिथे मोजून पाहिले गेले. रोजच्या साध्या ब्राला हा भार पेलत नाही. मग दुखते, खांदे आखडतात, बाई नकळत हात छातीशी धरून वाकून पळू लागते आणि पाठही दुखायला लागते. हा काही नाजूकपणा नव्हे.

परदेशातल्या बायकांनाही हे सुख आयते मिळालेले नाही. 1977 साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल नावाची बाई रोज धावायची आणि याच त्रासाने वैतागलेली होती. तिची बालमैत्रीण पॉली स्मिथ नाटकांचे कपडे शिवायची, आणि हिंडा मिलर तिच्या हाताखाली काम करायची. पुरुष खेळाडू आधारासाठी आतून 'सपोर्टर' घालतात. तसे दोन सपोर्टर कापून, एकमेकांना जोडून या तिघींनी पहिला नमुना शिवला. त्याला नाव दिले 'जॉगब्रा'. आज दुकानात मिळणारी स्पोर्ट्स ब्रा ही त्याचीच पुढची पिढी. शिवणयंत्रावर बसलेल्या बाईने आपली अडचण स्वतः सोडवली, हे आम्हाला फार आवडले. आपल्याकडे घरोघरी मशीन आहे.

आता खरेदीचे. आपल्या गावातल्या दुकानात गल्ल्यावर पुरुष असतो. बाई दबकत शिरते, तो "बत्तीस का चौतीस?" विचारतो, बाई तोंडाला येईल तो आकडा सांगते आणि कागदात गुंडाळलेले पाकीट पर्समध्ये टाकून बाहेर पडते. लग्नाच्या वेळचा आकडा चार मुलांनंतरही तोच चालू असतो. म्हणून आधी घरी माप घ्या. शिवणकामाची टेप घेऊन एक माप छातीच्या बरोबर खाली, श्वास सोडून, घट्टसर घ्या. दुसरे छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप सैल ठेवून. दोन्ही आकडे लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, तेव्हा पाकिटावरच्या तक्त्याशी आपली दोन्ही मापे ताडून पाहा. नुसत्या चौतीस-छत्तीसवर जाऊ नका.

स्पोर्ट्स ब्रामध्ये साधारण दोन जाती. एक बनियनसारखी डोक्यातून चढवायची, जी छाती सपाट दाबून धरते. अंगाने बारीक असणाऱ्या बाईला आणि शाळकरी मुलीला ती पुरते. दुसरीत दोन कप वेगळे असतात, पट्टे रुंद असतात आणि मागे हूक. भरलेल्या अंगाच्या बाईने ही दुसरीच घ्यावी. दाबणारी ब्रा दोन नंबर लहान घेऊन श्वास कोंडून घेण्यात काही अर्थ नाही. ज्यांचा खांदा आखडलेला असतो, त्यांनाही हूकवालीच सोयीची, कारण घामाने ओली झालेली बनियन डोक्यातून काढणे ही वेगळीच कसरत आहे.

आधाराचा मुख्य भार खालच्या पट्टीवर असतो, खांद्यावरच्या पट्ट्यांवर नाही. ही एक गोष्ट कळली तरी निम्मी खरेदी बरोबर होते. पट्टी पाठीवरून आडवी सरळ यायला हवी आणि तिच्याखाली दोन बोटे जेमतेम शिरायला हवीत. हात डोक्यावर नेल्यावर पट्टी वर सरकली तर माप मोठे आहे. कपाच्या कडेने अंग बाहेर आले तर कप लहान आहे. नवी असताना सर्वांत बाहेरच्या, सैल हुकावर नीट बसली पाहिजे. पुढे इलॅस्टिक सैलावले की आतले हूक वापरता येतात. दुकानात घालून पाहायची सोय असेल तर पडद्याआड चार उड्या मारून बघा, हसू आले तरी. सोय नसेल तर बदलून मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. बायका चालवतात अशी दुकाने आता तालुक्याच्या गावीही असतात. थोडे लांब पडले तरी तिथे जावे, कारण तिथे तोंड उघडता येते.

दूध पाजणाऱ्या आईने बाळाला पाजूनच बाहेर पडावे, आणि फार घट्ट ब्रा तासन् तास घालू नये. दूध साकळून गाठ होते, ताप येतो. आणि कोणत्याही वयात हाताला नवी गाठ लागली तर ती धावण्यामुळे आली असेल असे म्हणून घरी बसू नका. डॉक्टरीणबाईंना दाखवा.

आता वरचे कपडे. कोकणातल्या दमट हवेत सुती कापड चांगले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. बसल्या जागी ते खरे आहे. धावताना मात्र सुती कपडा घाम पितो, जड होतो, अंगाला चिकटतो आणि वाळत नाही. ओल्या कपड्याने कातडी सोलवटते. खेळाच्या कपड्यांचे, बाजारात ज्याला 'ड्राय-फिट' म्हणतात ते हलके कापड घाम बाहेर टाकते आणि अंगाला चिकटतही नाही. अंग झाकायचे असेल तर हा गुण महत्त्वाचा, कारण भिजून चिकटलेला कुर्ता कितीही लांब असला तरी त्याचा पडदा राहत नाही.

बुरखा घालून चालता येते. पायघोळ बुरखा घालून धावणे धोक्याचे आहे. घेर गुडघ्यात अडकतो, आणि चढ-उताराच्या रस्त्यावर बाई तोंडावर पडते. आमच्यापैकी काहीजणींनी त्यावर शिवून घेतलेला उपाय असा: ड्राय-फिट कापडाचा, गुडघ्याखाली चार बोटे येईल एवढा, सरळ आणि सैल कुर्ता, दोन्ही बाजूंनी मांडीच्या मध्यापर्यंत चीर, बगलेत चौकोनी तुकडा जोडलेला, म्हणजे हात वर नेताना कपडा वर ओढला जात नाही. बाही मनगटापर्यंत, पण मनगटाशी इलॅस्टिक. खाली ट्रॅक पँट, पायाशी निमुळती. पटियाला किंवा पलाझो नको. रंग गडद घ्या, ओलावा दिसत नाही. पहाटे अंधारात निघत असाल तर मात्र पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घ्या, काळ्या कपड्यातली बाई रिक्षावाल्याला दिसत नाही. जिला बुरख्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसेल, तिने मैदानापर्यंत बुरख्यात जावे आणि तिथे तो घडी करून पिशवीत ठेवावा. मांड्या घासत असतील तर आतून गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी आणि थोडे व्हॅसलीन. एवढ्या साध्या गोष्टीसाठी बायका धावणे सोडतात.

डोक्यावरच्या स्कार्फला टाचण्या नकोतच. पडले-झडले तर टाचणी गळ्यात घुसते. होजिअरीच्या कापडाचा, डोक्यातून चढवायचा एकसंध हिजाब सर्वांत उत्तम, टोके कुर्त्याच्या आत. बहारीनची रुकय्या अल-गसरा डोके झाकूनच धावली आणि 2006 च्या दोहा आशियाई खेळांत 200 मीटरचे सुवर्णपदक तिने घेतले. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने 2014 मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेने 2017 मध्ये डोके झाकायला परवानगी दिली. त्याआधी किती मुली सीमारेषेबाहेर बसून राहिल्या असतील!

बुटांविषयी थोडक्यात. चप्पल-सँडलवर धावू नये. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मुलाचे जुने बूट वापरायची काटकसर गुडघ्याला महाग पडते. साखर असलेल्या बाईने रोज तळपाय पाहावेत, फोड आला तरी तिला कळत नाही.

सुरुवात कशी करावी? आठवड्यातून तीन दिवस पुरे. आधी दहा मिनिटे चाला. मग एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटे चाला, असे सात-आठ वेळा. धावताना शेजारणीशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. दम लागून बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. छातीत दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा. त्या दोन दिवसांसाठी घर पुरते: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात टेकून दंड, जिन्याच्या पायऱ्या. भाट्येच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू धावायला छान. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र पोटऱ्या भरून येतात.

आणखी एक गोष्ट आहे, जी बायका आम्हाला सर्वांत शेवटी सांगतात. धावताना, शिंकताना, उडी मारताना लघवीचे थेंब गळतात. वुजू राहत नाही, कपडे नापाक होतात, मग नमाजेची चिंता. त्यापेक्षा धावणेच नको. बाळंतपणांनंतर हे पुष्कळ जणींना होते आणि त्यावर इलाज आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. लघवी अडवताना जे स्नायू आपण आवळतो, तेच बसल्या जागी पाच-सात सेकंद आवळून सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. लघवी चालू असताना अडवून सराव करू नये. फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जावे. पाकीचा मसला आलिमांना विचारा, पण दुखणे डॉक्टरांकडेच न्या. तोवर आत पॅड लावून चालणे चालू ठेवता येते.

मोठ्या बायकांचे तरी ठीक, त्या आपले आपण पाहतील. आम्हाला जास्त घोर मुलींचा आहे. सहावीपर्यंत मैदान दणाणून सोडणारी मुलगी सातवी-आठवीत खेळाच्या तासाला पोट दुखते म्हणून चिठ्ठी आणू लागते. दर आठवड्याला तेच पोट. एका मुलीला बाजूला घेऊन विचारले, तर खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मला खो-खो आवडतो. पण पळताना मुलं हसतात." तिच्या अंगात साधी शमीज होती. घरी कुणाच्या लक्षात आले नव्हते. पोर्ट्समथच्याच संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत इंग्लंडमधल्या दोन हजारांवर शाळकरी मुलींना विचारले होते. जवळजवळ निम्म्या मुलींनी, छातीच्या अडचणीमुळे आपल्या खेळण्यावर परिणाम होतो, असे सांगितले. तिथे हे, तर आपल्या मुलींचे काय असेल! आयांनी मुलीच्या गणवेशाबरोबर खेळाचा आतला कपडाही घ्यावा, आणि ती मागेल याची वाट पाहू नये. दर सहा महिन्यांनी माप बदलते. त्या मुलीच्या अम्मीला आम्ही शाळेत बोलावून सांगितले. त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मलाही कुणी सांगितलं नव्हतं." पुढच्या सोमवारी मुलगी मैदानावर होती.

पावसाळ्याचे तेवढे सांगायचे राहिले. आतले कपडे आपण दोरीवर दुपट्ट्याखाली दडवून वाळत घालतो. जून ते सप्टेंबर त्यांना वाराच लागत नाही, बुरशीचा वास येतो आणि काखेत, छातीखाली खाज सुटते. स्पोर्ट्स ब्रा धावून आल्यावर लगेच साध्या पाण्याने हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली मोकळी पसरा. कडक उन्हाने आणि गरम पाण्याने इलॅस्टिक मरते. दोन असल्या तर एक वाळेपर्यंत दुसरी घालता येते. पट्टी शेवटच्या हुकावरही सैल वाटू लागली की ती धावायला बाद करा. घरात घालायला चालेल.