निम्मे दूध, निम्मे सोयादूध

भोसरी-चाकणकडे पाळीने कामाला जाणाऱ्यांच्या घरच्या गृहिणी मला विचारतात, "डॉक्टर, रोज दुधाचे दही परवडत नाही. निम्मे सोयादूध घातले तर चालेल का?" चालेल, पण उकळण्यात कुचराई नको.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या 'एमएसीएस' वाणांमुळे सोयाबीन शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे, स्वयंपाकघरात मात्र ते नवखेच. रात्रभर भिजवून, साले काढून, गरम पाण्यात वाटावे. उग्र वास कमी होतो. मग फडक्यातून गाळावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे द्रव्य असते. फेस वर आला म्हणजे दूध उकळले असे नव्हे! फेस बसल्यावर मंद आचेवर ढवळत आणखी १५-२० मिनिटे उकळावे.

सोयादुधात दुग्धशर्करा नसते, म्हणून घरच्या विरजणाने ते नीट लागत नाही. गाईचे दूध मिसळले की जंतूंना खाद्य मिळते. दोन्ही वेगवेगळी तापवून, कोमट झाल्यावर एकत्र करून विरजावीत. दही किंचित सैल होते. कढीला उत्तम, श्रीखंडाच्या मात्र नादी लागू नये.

प्रथिने जवळजवळ तेवढीच मिळतात. कॅल्शियमचे तसे नाही. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते, घरच्या सोयादुधात त्याच्या चौथाईहून कमी. म्हणून जेवणात नाचणी, तीळ हवेत. वर्षाच्या आतील बाळाचे दूध तोडून हे देऊ नये. दुधाची किंवा सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावे, आणि थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळीनंतर चार तास तरी थांबावे.