शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही, हे पाहण्यासाठी कोणी सारे भांडे रिकामे करीत नाही. एक शीत दाबून पाहिले की पुरते. मानसशास्त्रीय संशोधनही याच न्यायाने चालते. ज्या लोकसमूहाविषयी निष्कर्ष काढायचा, त्याला ‘समष्टी’ म्हणतात आणि त्यातून अभ्यासासाठी निवडलेल्या मोजक्या व्यक्तींना ‘नमुना’ म्हणतात. मात्र एका भांड्यातील भाताला सारखीच आच लागलेली असते. माणसांचे तसे नसते.

एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लहान मुलांवर एक प्रयोग सुरू केला. समोरची मिठाई लगेच खाल्ली तर एकच. थोडा वेळ थांबल्यास दोन. जी मुले अधिक वेळ थांबली, ती पुढे अभ्यासातही सरस ठरली, असे १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दिसले. संयम हीच यशाची गुरुकिल्ली, असा बोध जगभर पसरला.

परंतु ही मुले कोण होती? विद्यापीठाच्याच बालशाळेतील. बहुतेकांचे पालक तेथील प्राध्यापक किंवा विद्यार्थी होते. पाठपुराव्यातील मुलांची संख्याही मर्यादित होती. २०१८मध्ये टायलर वॉट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांच्या मातांचे महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण झाले नव्हते, अशा मुलांकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. तेव्हा संयम आणि यश यांतील संबंध सुमारे निम्माच आढळला. घरची परिस्थिती आणि मुलांची आधीची बौद्धिक क्षमता विचारात घेताच तो आणखी क्षीण झाला. नमुना बदलला नसता, तर परिस्थितीचा दोष मुलांच्या स्वभावावर लादला गेला असता.

मग निवड कशी करावी? चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे समष्टीतील प्रत्येकाला निवडले जाण्याची समान संधी देणे, ही ‘यादृच्छिक’ पद्धत होय. स्त्री-पुरुष, ग्रामीण-शहरी असे गट पाडून प्रत्येकातून प्रमाणशीर व्यक्ती घेणे, ही ‘स्तरित’ पद्धत होय. मात्र संमतीवाचून कोणालाही सहभागी करून घेता येत नाही. बालकांसाठी पालकांची संमती लागते. त्यामुळे कोणताही नमुना सर्वथा निर्दोष नसतो. आपला नमुना कोणाचा होता, हे स्पष्ट सांगणे आणि निष्कर्ष तेवढ्यापुरताच मर्यादित ठेवणे, हे म्हणूनच संशोधकाचे कर्तव्य ठरते.

‘माणसाचा स्वभावच असा असतो’ असे एखादे विधान वाचनात आले, तर आपणही एक प्रश्न अवश्य विचारावा : कोणत्या माणसांचा?