‘डीम’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि त्याचे मराठी पर्याय

इंग्रजीतील समीक्षा, कायदे आणि प्रशासकीय पत्रव्यवहार वाचणाऱ्या अभ्यासकाला ‘डीम’ हे क्रियापद वारंवार भेटते. त्याला ‘मानणे’, ‘समजणे’, ‘वाटणे’, ‘लेखणे’, ‘गणणे’ असे पर्याय सामान्यतः दिले जातात. यांपैकी कोणताही पर्याय सर्वथा चुकीचा नाही. परंतु ते परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. ही निवड संदर्भाविना केली, की विद्यार्थी ‘डीम’ हा ‘थिंक’चा केवळ भारदस्त अवतार समजतो आणि अनुवादात निर्णयाचे रूपांतर मतात होते. या क्रियापदाचा नेमका अर्थव्यापार कोणता, आणि मराठीत तो कसा आणता येतो, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. प्राचीन इंग्रजीत ‘देमन’ म्हणजे न्यायनिवाडा करणे. ते ‘दोम’, म्हणजे निवाडा अथवा कायदा, या नामापासून सिद्ध झाले. आजचा ‘डूम’ हा शब्द त्याच नामाचा वंशज होय. आइल ऑफ मॅन या बेटावरील न्यायाधीशांना ‘डीम्स्टर’ असे म्हणतात, त्यात हा मूळ अर्थ अद्याप टिकून आहे. भाषाकुलाच्या दृष्टीने ‘दोम’चे नाते ‘ठेवणे, स्थापणे’ या अर्थाच्या त्याच इंडो-युरोपीय मुळाशी आहे, ज्यापासून संस्कृत ‘धा’ हा धातू आला. ‘विधी’ आणि ‘विधान’ हे आपले शब्द याच धातूचे. तात्पर्य, ‘डीम’च्या मुळाशी मनातील भाव नसून काहीतरी स्थापित करणारा निवाडा आहे.

प्रयोगाच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. हे क्रियापद बहुधा कर्म आणि कर्मपूरक अशा दोहोंची अपेक्षा करते : ‘डीम इट नेसेसरी’, म्हणजे एखादी गोष्ट आवश्यक ठरविणे. त्याचा कर्मणी प्रयोग विपुल आढळतो : ‘इज डीम्ड टू बी’. स्थितिवाचक असल्याने त्याचे अपूर्ण रूप सहसा होत नाही. ‘डीम्ड ॲज’ ही रचना हल्ली आढळत असली, तरी काटेकोर लेखनात ‘ॲज’ टाळण्याकडे कल असतो. शिवाय ‘मला भूक लागली आहे असे वाटते’ यासारख्या घरगुती विधानात ‘डीम’ हास्यास्पद होईल. कारण त्याला निर्णय देणारा अधिकारी कर्ता लागतो.

कायद्याच्या भाषेत हा अधिकार अधिक पुढे जातो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०९ नुसार, राज्यसभेने धनविधेयक चौदा दिवसांत परत न पाठविल्यास ते दोन्ही सभागृहांनी पारित केले असल्याचे मानले जाते. राज्यसभेने ते वस्तुतः पारित केलेले नसते, हे कायद्यालाही ठाऊक असते. ते ठाऊक असूनच तो विशिष्ट परिणामासाठी तसे धरून चालतो. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत हा आरोप ‘आहार्य’ होय. रूपकात मुख आणि चंद्र यांतील भेद जाणूनच अभेद कल्पिला जातो. भ्रांतिमान् अलंकारात मात्र खरोखरीचा भ्रम असतो. ‘डीम’ रूपकाच्या पंक्तीत बसते, भ्रांतिमानाच्या नव्हे.

व्याकरणशास्त्रातील ‘अतिदेश’ याहूनही जवळचा आहे. पाणिनीच्या व्यवस्थेत आदेश हा स्थानीप्रमाणे मानला जातो. मात्र स्थानीच्या वर्णावर अवलंबून असलेल्या कार्यांपुरते हे समानत्व नाकारलेले आहे. अर्थात मानण्याला मर्यादा असते. मुंबई राज्य विरुद्ध पांडुरंग विनायक या खटल्यात १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्वीकारले : कायद्यातील कल्पित कोणत्या प्रयोजनासाठी आणि कोणकोणत्या व्यक्तींमध्ये लागू आहे, हे पाहणे न्यायालयाचे कर्तव्य ठरते.

मराठीत या अर्थासाठी दोन पारिभाषिक शब्द रूढ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमातील कलम ३ अन्वये ज्या संस्थांना विद्यापीठवत् दर्जा मिळतो, त्यांना आपण ‘अभिमत विद्यापीठ’ म्हणतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला हा दर्जा १९९० मध्ये मिळाला. ‘अभिमत’ या शब्दात संमती आणि मान्यता यांची छटा प्रबळ असल्याने ‘वस्तुतः नव्हे, पण तसे मानलेले’ हा अंश झाकला जातो. हा भेद केवळ शाब्दिक नाही. अशा संस्थांना आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ शब्द वापरण्यास प्रतिबंध करावा, असा आदेश २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला दिला. दुसरा शब्द ‘मानीव’. मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या १९६३ च्या अधिनियमात २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ‘मानीव अभिहस्तांतरण’ ही संज्ञा गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांच्या तोंडी रुळली. ‘कोरीव’, ‘रेखीव’, ‘पाळीव’ यांच्या धर्तीवर सिद्ध झालेला हा शब्द कृत्रिमतेची जाणीव लपवीत नाही. म्हणून अर्थदृष्ट्या तो अधिक प्रामाणिक आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या विवेचनाचे महत्त्व अश्लीलतेच्या प्रश्नात विशेष जाणवेल. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेवरून चालविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९६९ मध्ये लेखक चंद्रकांत काकोडकर यांना निर्दोष ठरविले. त्याच वर्षी भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन, कोणत्या कसोट्यांवर पुस्तक अश्लील मानले जाईल हे सांगण्यात आले. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येही ‘डीम्ड’ची ही रचना कायम आहे. येथे कल्पितापेक्षा संदिग्धता दूर करण्याचा हेतू आहे. तथापि ‘पुस्तक अश्लील आहे’ आणि ‘या कलमाच्या प्रयोजनार्थ ते अश्लील मानले जाईल’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले गुणाविषयी बोलते, दुसरे परिणामाविषयी. समीक्षक दुसऱ्याचा अनुवाद पहिल्यासारखा करील, तर कायद्याचा निवाडा वाङ्मयीन मूल्यमापन म्हणून नोंदला जाईल.

म्हणून ‘डीम’चा पर्याय निवडताना तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते : मानणारा कोण, कोणत्या अधिकाराने, आणि कशापुरते? व्यक्तीचा विवेक असेल तेथे ‘उचित वाटणे’ चालेल. समाजाची किंवा परंपरेची प्रतिष्ठा असेल तेथे ‘लेखणे’ वा ‘गणणे’ शोभेल. अधिकृत निर्णयासाठी ‘ठरविणे’, आणि कायद्याच्या कल्पितासाठी ‘मानण्यात येईल’ किंवा ‘मानीव’ योग्य होईल. इंग्रजीने एका क्रियापदात गुंडाळलेला अर्थ मराठीला अनेक शब्दांत वाटून द्यावा लागतो. ही मराठीची उणीव नव्हे. कोण बोलतो आहे हे स्पष्ट करण्याची ती संधी आहे.