पियानोची शिकवणी : बोटांतली थिअरी
लेखमाला ‘वाद्ये आणि त्यांचे शिक्षण’, भाग सहावा

पियानो हे आजही मुख्यतः एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला शिकवायचे वाद्य आहे. गायनाच्या वर्गात दहा जण एकत्र अलंकार म्हणू शकतात. पियानोवर मात्र दहा जणांच्या चुका दहा तऱ्हेच्या असतात. कोणाचे मनगट खाली पडते, कोणाची करंगळी आडवी होते, तर कोणाचा खांदा अवघड जागा आली की नकळत वर चढतो. या चुका शेजारी बसूनच दिसतात. म्हणून लहान मुलांना आठवड्याला अर्धा तास, मोठ्यांना पाऊण ते एक तास आणि बाकीचे दिवस घरी रियाज, अशी या शिकवणीची सर्वसाधारण घडी आहे. तेवढ्या वेळात वाजवणे आणि थिअरी दोन्ही बसवायचे असते. थिअरी वेगळ्या वहीत ढकलायची आणि परीक्षा जवळ आली की घोकून घ्यायची, ही पद्धत सर्रास चालते आणि तिच्याइतके विद्यार्थ्याचे नुकसान दुसरे काही करत नाही.

जुन्या उस्तादांनी ही फारकत केली नव्हती. योहान सेबास्टियन बाख यांनी १७२० साली आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी, एक वही सुरू केली. तिच्या आरंभी स्वरांची नावे आणि स्वरचिन्हे आहेत, मग स्वरालंकारांचा तक्ता आणि त्यापाठोपाठ बोटांचे क्रमांक घातलेली एक छोटी रचना. वाचणे, समजणे आणि वाजवणे ही तिन्ही कामे पहिल्या काही पानांतच उरकलेली दिसतात. याच वहीतून पुढे ‘इन्व्हेन्शन्स’ तयार झाल्या. १७२३ च्या त्यांच्या प्रतीवर बाख यांनी उद्देशही नोंदवला आहे : दोन आणि मग तीन स्वरधारा स्वच्छ वाजवता याव्यात, वाजवणे गाण्यासारखे व्हावे आणि त्याबरोबरच रचना करण्याची चव लागावी. हाताच्या व्यायामातून संगीतकार घडवण्याची ही अपेक्षा आजच्या शिकवणीतही उरली पाहिजे.

पहिल्या काही तासांत वाचनाची घाई नसते. बसण्याची उंची आधी ठरवली जाते : कोपरापासूनचा हात जमिनीला साधारण समांतर आणि पाय टेकलेले. मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्यावा लागतो, कारण आधार नसला की सगळा भार खांद्यांवर येतो. नंतर काळ्या पट्ट्यांचे दोनाचे आणि तिनाचे गट ओळखायचे. दोनाच्या गटाच्या डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे ‘सी’. ८८ पट्ट्यांपैकी ३६ काळ्या आणि ५२ पांढऱ्या. पण हा एवढा पसारा बारा पट्ट्यांच्या एकाच नक्षीची पुनरावृत्ती आहे, हे कळले की दडपण निम्मे ओसरते.

हार्मोनिअम वाजवणाऱ्याला ही नक्षी हाताच्या सवयीची असते. ‘पांढरी एक’ म्हणजे सी, ‘काळी एक’ म्हणजे सी शार्प, एवढे सांगितले की त्याचे काम भागते. त्याची अडचण वेगळी. हार्मोनिअमवर आवाजाचा जोर भात्यात असतो, बोटात नाही. पियानोची पट्टी जेमतेम सेंटीमीटरभर खाली जाते आणि ती किती वेगाने गेली यावर आवाज लहान की मोठा ते ठरते. हातोडी तारेवर आदळण्याच्या क्षणभर आधीच पट्टीपासून सुटलेली असते. त्यानंतर पट्टी कितीही दाबून धरली तरी आवाज वाढत नाही. सोडली की दाबपट्टी तारेवर बसून तो बंद होतो, इतकेच. हार्मोनिअमवरून आलेले विद्यार्थी स्वर लागल्यावरही बोट दाबत राहतात आणि मनगट अवघडते. डावा हात आजवर भाता मारत होता, त्याला तर बोटे आहेत हेच प्रथम शिकवावे लागते.

थिअरी खऱ्या अर्थाने बोटांत उतरते ती स्केल शिकताना. सी मेजर म्हणजे पांढरी एकचा बिलावल, सगळ्या पट्ट्या पांढऱ्या. उजव्या हाताने सी, डी, ई हे स्वर अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने घ्यायचे. मग अंगठा मधल्या बोटाखालून सरकवून एफवर आणायचा आणि पुढचे पाच स्वर पाच बोटांनी पुरे करायचे. आता हाच बिलावल पांढरी चारवरून, म्हणजे एफवरून वाजवायचा. पांढऱ्याच पट्ट्यांवर चालत गेले तर चौथ्या जागी तीव्र मध्यम लागतो आणि बिलावलाऐवजी यमनाचे स्वर ऐकू येतात. मराठी घरातल्या मुलाला ही गफलत बहुधा कानानेच कळते. शुद्ध मध्यम हवा तर काळी पाच घ्यावी लागते, तिलाच बी फ्लॅट म्हणायचे. एफ मेजरच्या स्वरलिपीच्या सुरुवातीला एक फ्लॅट का छापलेला असतो याचे उत्तर एवढेच. पांढरी पाचवरून उलटी गत : तिथे सगळ्या पांढऱ्या घेतल्या तर निषाद कोमल होऊन खमाज थाट होतो, तो शुद्ध करण्यासाठी काळी तीन, म्हणजे एफ शार्प घ्यावा लागतो. पंचमाचे चक्र म्हणून जे कोष्टक वहीत पाठ करायला देतात ते याच वाटेने एकेक शार्प, एकेक फ्लॅट वाढवत पुढे जाते.

स्वर बदलला की बोटेही बदलतात. एफ मेजरमध्ये अंगठा तीन बोटांनंतर सरकवला तर तो थेट काळ्या पट्टीवर येतो आणि आखूड अंगठ्याला ती जागा अडचणीची असते. म्हणून उजव्या हाताने आधी चार बोटे वापरायची, चौथे बी फ्लॅटवर, आणि मग अंगठा सीवर. एक फ्लॅट आणि एक बोटबदल, दोन्ही एकदम शिकले गेले. वहीत ‘एफ मेजरला फ्लॅट किती?’ या प्रश्नाचे उत्तर ‘एक’ असे लिहिणारा, पण तिसऱ्या बोटानंतर अंगठा नेऊन अडखळणारा विद्यार्थी सापडतो तेव्हा थिअरी कुठे शिकवली गेली हे लगेच कळते.

शोपँ पॅरिसमध्ये खासगी शिकवण्यांवर उदरनिर्वाह करत. ते स्केलची सुरुवात सी मेजरने करत नसत. बी मेजर, म्हणजे पांढरी सातचा बिलावल, ते आधी देत. पाच काळ्या पट्ट्यांमुळे तो कागदावर भयंकर दिसतो. पण लांब बोटे काळी तीन, चार, पाचवर आणि अंगठा पांढरीवर ठेवला की हात आपसूक बसतो. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या असलेला सी मेजर त्यांच्या मते वाचायला सर्वात सोपा आणि हाताला सर्वात अवघड. आजची बहुतेक पुस्तके सी मेजरनेच सुरू होतात, कारण ती वाचनाच्या सोयीने रचलेली आहेत. शिक्षकाने मात्र हाताची सोयही लक्षात ठेवलेली बरी. पहिल्या महिन्यात नोटेशनशिवाय नुसते अनुकरणाने बी मेजर वाजवून घ्यायला कोणाचीच हरकत नसावी.

वाचनात दोन स्वरचिन्हे, दहा रेघा आणि मध्ये एका तुटक रेघेवरचा मधला सी. प्रत्येक स्वराचे नाव उच्चारत वाचणारे मूल अक्षरे जुळवत बसते. चांगला वाचक अंतरे वाचतो : रेघेवरून लगतच्या मोकळ्या जागेत गेले तर शेजारचा स्वर, रेघेवरून पुढच्या रेघेवर गेले तर एक सोडून दुसरा. नजर बोटांच्या पुढे एखादी मात्रा तरी असावी लागते. मात्र ही सवय पाठ झालेल्या गतींवर लागत नाही. त्यासाठी रोज एखादी कधी न पाहिलेली, आपल्या पातळीपेक्षा बरीच सोपी रचना न थांबता वाजवायची. चूक झाली तरी मागे वळायचे नाही.

कॉर्ड समजले की वाचनाचा वेग एकदम बदलतो. सी मेजरमध्ये षड्ज, मध्यम आणि पंचम यांवरचे तीन कॉर्ड घेतले की सातही स्वर त्यांत येतात. म्हणजे साध्या बिलावलातल्या कुठल्याही चालीला या तिघांपैकी एखादा कॉर्ड धरता येतो. मोत्सार्ट यांचा १७८८ मधला सी मेजर सोनाटा, क्रमांक के ५४५, पहा. त्यांनी स्वतः तो नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवला आहे. पहिल्या बारमध्ये डावा हात आठ स्वर वाजवतो. थिअरी न समजलेला विद्यार्थी ते आठ सुटे स्वर म्हणून घोकतो. समजलेला पाहतो की हा एकच सी मेजर कॉर्ड आहे, सुटा करून दोनदा फिरवलेला, आणि बोटे उचलण्यापूर्वीच हात त्या आकारात बसवतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात शिकवणीची पायरी बहुधा परीक्षेच्या ग्रेडने मोजतात. लंडनच्या ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन संस्थांच्या परीक्षा इथे दिल्या जातात. दोन्हींकडे आठ ग्रेड. एबीआरएसएमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत १५० पैकी ९० गुण तीन रचनांना, २१ स्केल-आर्पेजिओंना, २१ न पाहिलेली रचना वाचण्याला आणि १८ कानाच्या चाचणीला. उत्तीर्ण होण्यासाठी १०० लागतात. सहाव्या ग्रेडला बसण्यापूर्वी पाचवी थिअरी पार करावी लागते. ट्रिनिटीकडे अशी अट नाही, म्हणून काही पालक तिकडे वळतात, हे काही चांगले कारण म्हणता येत नाही. या परीक्षांनी शिस्त लावली हे खरे. पण वर्षभर तीनच रचना घासून ग्रेड मिळवणारी आणि चौथी रचना स्वतः उलगडता न येणारी मुलेही त्यांनीच निर्माण केली.

गोव्यात याहून जुनी वाट होती. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना स्वरवाचन आणि वाद्य एकत्रच शिकवले जाई. पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांची एवढी गरज लागली ती त्यांना स्वरलिपी वाचता-लिहिता येत असे म्हणून. अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले ठळक नाव. संगीतकार प्यारेलाल हे व्हायोलिनमध्ये त्यांचे शिष्य.

प्रौढपणी शिकायला येणाऱ्याचे गणित उलटे असते. चाळिशीतल्या माणसाला पंचमाचे चक्र एका बैठकीत पटते. बोटे मात्र महिनोन्महिने ऐकत नाहीत आणि डोक्याने पुढे गेलेला हा विद्यार्थी त्यामुळे वैतागतो. त्याला अवघड रचना देण्यापेक्षा सोप्या रचनेत जास्त काम द्यावे : तीच रचना दुसऱ्या स्वरावरून वाजवणे, डाव्या हाताचे कॉर्ड स्वतः लावणे. त्याच्या समजुतीला खाद्य मिळते आणि हातालाही अवधी मिळतो. रियाजाचा नियम सगळ्यांना सारखाच आहे. अडलेल्या दोन बार वेगळ्या काढून, एकेका हाताने, संथ लयीत वाजवायच्या. अडले की पुन्हा पहिल्या बारपासून सुरू करणाऱ्याची सुरुवात लखलखीत होते आणि अवघड जागा वर्षभर तशीच राहते.

वरच्या पातळीवर, सातव्या-आठव्या ग्रेडच्या पुढे, थिअरीचे काम पाठांतरात दिसते. नुसत्या बोटांच्या सवयीने पाठ केलेली रचना मंचावर एका जागी तुटली की तुटते. हात पुढे कुठे जायचे ते विसरतो आणि आधाराला काही नसते. बाखच्या फ्यूगमध्ये मूळ स्वरवाक्य कोणत्या स्वरधारेत, कोणत्या स्वरावरून प्रवेश करते हे ज्याला ठाऊक आहे, तो पुढच्या प्रवेशापासून रचना पकडू शकतो. म्हणून या टप्प्यावर बरेच शिक्षक तासाचा पहिला भाग पियानो न उघडता घेतात : कागदावरची रचना समोर, हातात पेन्सिल, आणि कॉर्ड, स्वरबदल, प्रवेश यांच्या खुणा करून झाल्यावरच पट्ट्यांना हात.