एक शब्द, अनेक अर्थ

इंग्रजी शब्दकोशातील पहिलाच अर्थ उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याचे भाषांतर पुष्कळदा फसते. 'बँक' हा शब्द पाहा. पेडणे तालुक्याला लागून वाहणाऱ्या तेरेखोल व शापोरा नद्यांचा काठ म्हणजे बँक. आणि पैशांची पेढी, तीही बँकच! हे अर्थ इंग्रजीत निरनिराळ्या वाटांनी आले. मध्ययुगात इटलीतील सराफ बाकावर नाणी मांडून व्यवहार करीत. बाकाला तेथे 'बांका' म्हणत. त्यावरून पेढीस हे नाव पडले. पोर्तुगीज भाषेत 'बांकु' म्हणजे बाकही व पेढीही. आपल्या वर्गातला 'बाक' याच पोर्तुगीज शब्दावरून आला. म्हणजे आपण बसतो तो बाक बँकेचा आप्तच होय!

आता डिचोलीकडे वळू. हा तालुका लोहखनिजाच्या खाणींसाठी प्रसिद्ध. 'माइन' म्हणजे खाण, तसेच 'माझे'. म्हणून 'धिस माइन इज माइन' याचा अर्थ 'ही खाण माझी आहे' असा होतो. येथे शब्दाचे स्थानच अर्थ सांगते.

मराठीत तरी निराळे काय आहे? पान झाडाचे, पुस्तकाचे आणि जेवणाचेही. तरी आपण गोंधळत नाही, कारण आपण संपूर्ण वाक्य ऐकतो. इंग्रजी वाचतानाही हीच सवय ठेवावी: आधी वाक्य, मग कोश.