घासांची खतावणी

सोमवार. सकाळी ७, दूध २०० मिली. ८.३०, गूळ-तूप लावलेली पोळी, दोन घास. ९.१५, बिस्किटं दोन, आबांच्या चहात बुडवून. १०.३०, दूध १५० मिली. ११.३०, केळं अर्धं. १२.४५, वरणभात, तीन घास, चौथा थुंकला. १.१५, काहीच खाल्लं नाही म्हणून दूध २०० मिली. ४.००, बिस्किटं दोन, पुन्हा आबा. ५.३०, खाली बाकावर बसलेल्या आजींनी दिलेलं बिस्किट एक. रात्री ८, खिचडी, मोबाइल लावून सहा घास. ९.३०, दूध २०० मिली.

ही माझ्या दीड वर्षाच्या नातीची एका दिवसाची नोंद आहे, आणि त्यातले आबा म्हणजे मीच.

‘पोरगी काही खातच नाही’ ही तक्रार घेऊन आम्ही घरचे तिघं बालरोगतज्ज्ञांकडे गेलो होतो. सुनेला टॉनिक हवं होतं, आमच्या हिला जंताचं औषध. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झालीच होती. डॉक्टरांनी वजन केलं, दहा किलो भरलं. तक्त्यावर टिंब टाकलं, मागची टिंबं पाहिली आणि टॉनिकऐवजी गृहपाठ दिला: तीन दिवस लिहून आणा. नुसतं जेवण नाही, तोंडात जे जे जाईल ते सगळं. बँकेत चौतीस वर्षं खतावण्या लिहिलेला माणूस घरात असल्यावर वही कुणाकडे येणार?

बेरीज केली तेव्हा मात्र जरा ओशाळलो. दूध एकूण ७५० मिली. गाईच्या दुधाच्या १०० मिलीत साधारण ६५ कॅलरी धरल्या तर ४९०च्या आसपास. पाच बिस्किटांच्या शंभरेक, अर्ध्या केळ्याच्या पन्नासेक. या वयाच्या मुलाला दिवसाला लागतात साधारण हजार. म्हणजे ज्याला आपण जेवण म्हणतो, ते सोडून पोरीने दिवसाचा जवळपास दोन-तृतीयांश हिशेब मिटवलेला होता. वरणभाताच्या चौथ्या घासाला तोंड फिरवणारी ती हट्टी नव्हती, तिचं पोट भरलेलं होतं. तेही केवढं? किलोमागे तीसेक मिली असा ठोकताळा आहे. दहा किलोच्या मुलाचं पोट एका वेळी तीनशे मिलीला, म्हणजे दोन लहान वाट्यांना भरतं. त्यातली दीड वाटी दुधाने आधीच अडवली असेल, तर भात ठेवायचा कुठे?

दुधाची दुसरी गोम आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हती. दुधात लोह नावापुरतं असतं आणि त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातल्या लोहाच्याही आड येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची १०० पैकी ६७ मुलं रक्तक्षयाची निघाली. याला कारणं पुष्कळ आहेत, गरिबी त्यात आहेच. पण खात्यापित्या घरांतही हे होतं, आणि तिथे दुधाची बाटली आणि चहा-बिस्किट हे दोघे मोठे संशयित असतात. चहातलं टॅनिनही लोह शोषू देत नाही. बिस्किट चहात बुडवून तिला देताना मी प्रेमच करत होतो, यात वाद नाही. ते महागात पडत होतं एवढंच.

डॉक्टरांनी आणखी एक हिशेब मांडला, तो मला फार आवडला. जन्मताना मूल तीन किलोचं असतं, वर्षाचं होईपर्यंत नऊच्या घरात जातं. तिप्पट. याच वेगाने वाढलं तर दुसऱ्या वाढदिवसाला सत्तावीस किलो भरेल आणि आपण त्याला कडेवरून उतरवूनच ठेवू. तसं होत नाही. दुसऱ्या वर्षात वजन वाढतं ते दोन-अडीच किलो. वाढ मंदावते तशी भूकही मंदावते. उष्टावणानंतर वाटी-वाटी पेज संपवणारं बाळ वर्षाचं झाल्यावर चिमणीएवढं खाऊ लागतं, आणि घरातल्यांच्या डोळ्यांत मात्र मागच्या वर्षीची वाटी असते.

त्यातच पाय फुटतात. चालता येऊ लागलं की मूल आईच्या नजरेआड जाऊन काहीही तोंडात घालू शकतं. नेमक्या त्याच सुमाराला अनोळखी चवीचा, त्यातही कडू नि हिरव्या रंगाचा, संशय बळावतो. हा निसर्गाने दिलेला पहारेकरी असावा असं अभ्यासक मानतात. दीड-दोन वर्षांपासून तो जागा होतो आणि पाच-सहा वर्षांपर्यंत कमीजास्त पहारा देत राहतो. अमेरिकेत लिअॅन बर्च या संशोधिकेने १९८०च्या दशकापासून लहान मुलांवर जे प्रयोग केले, त्यांतून दिसलं की नवा पदार्थ मुलाच्या अंगवळणी पडायला तो आठ-दहा, कधी पंधरा वेळाही चाखावा लागतो. आपण किती वेळा देतो? दुसऱ्या खेपेला थुंकला की ‘हिला दुधी आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे. मी वहीत दुधीचं वेगळं पान काढलं आणि खेपा मोजायला लागलो.

बर्चबाईंच्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट निघाली. ‘हे संपवलंस तर ते देईन’ असा सौदा केला की मुलाला ‘हे’ आणखी नावडतं होतं. भाजीवर चॉकलेटची लाच लावणाऱ्या समस्त आजोबांनी ही ओळ दोनदा वाचावी.

सगळ्यात मौजेचा प्रयोग मात्र त्याहून जुना आहे. क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९२८ साली त्याचा पहिला वृत्तांत छापला. अंगावरून नुकत्याच सुटलेल्या बाळांपुढे त्यांनी वेगवेगळ्या वाडग्यांत साधं अन्न मांडलं. एकूण यादी ३४ पदार्थांची: फळं, भाज्या, धान्यं, अंडी, मांस, दूध. परिचारिकेने चमचा घेऊन गप्प बसायचं. बाळाने ज्या वाडग्याकडे हात केला त्यातलंच द्यायचं, आग्रह नाही, कौतुक नाही, कपाळाला आठी नाही. बाळांनी सकाळी संत्र्याचा रस आणि कलेजी, रात्री अंडी, केळी आणि दूध असली अजब जेवणं केली. एका वेळेचं ताट विचित्र, पण महिन्यांचा हिशेब चोख. मुलं छान वाढली. याचा अर्थ मुलाला मागेल ते द्यावं असा काहींनी लावला. डेव्हिसबाईंनी तो स्वतःच खोडून काढला. सगळी गंमत यादीत होती, असं त्या म्हणाल्या. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं. बिस्किटाचा पुडा यादीत असता तर निकाल वेगळा लागला असता.

आमच्या घरचा नवा कारभार याच तत्त्वावर बेतला. काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, खायचं की नाही, हे तिने. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञबाईंनी ही वाटणी फार पूर्वी सांगून ठेवली आहे. ऐकायला सोपी, पाळायला महाकठीण. हातात घास घेऊन बसलेल्या आजीला ‘आता पुरे’ म्हणणं म्हणजे काय, ते ज्याने म्हटलंय त्यालाच ठाऊक.

दूध ४०० मिलीवर आणलं, बाटली माळ्यावर गेली, दूध पेल्यातून आणि खाऊन झाल्यावर. खाण्याच्या पाच वेळा ठरल्या, मधल्या अडीच-तीन तासांत फक्त पाणी. पहिले चार दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. पाचव्या दिवशी, साडेबाराला, पोरगी स्वतः ओट्यापाशी येऊन ‘मम्मम’ म्हणाली. तिला भूक लागलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मग प्रश्न आला, द्यायचं काय. खास बाळांसाठीचे महागडे डबे मला आजतागायत पटलेले नाहीत. मराठी स्वयंपाकघरात दात नसलेल्यांसाठी आणि नुकते आलेल्यांसाठी केवढं तरी आहे, फक्त आकार बदलावा लागतो. आमच्याकडे बाजी मारली ती मुगाच्या धिरड्याने. हिरवे मूग रात्री भिजत घालायचे. सकाळी नखाएवढं आलं आणि जिरं घालून सरसरीत वाटायचे, चमचाभर तांदळाचं पीठ, चवीपुरतं मीठ. त्यात दुधी किंवा गाजर किसून. आता खरी युक्ती: पळीने मोठं धिरडं पसरायचं नाही. चहाच्या चमच्याने जुन्या रुपयाएवढे ठिपके टाकायचे, कडेने तूप सोडायचं, झाकण ठेवायचं. पहिल्या दिवशी हिने मोठं धिरडं घालून त्याचे तुकडे करून दिले, ते नातीने जमिनीवर मांडून ठेवले. दुसऱ्या दिवशी तेच पीठ ठिपक्यांत आलं, तर तिने एक उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, त्याच्या जाळीत बोट घातलं आणि कडेपासून कुरतडायला लागली. अख्खी वस्तू स्वतःच्या मुठीत मावते, याचं या वयात फार अप्रूप असतं. चार ठिपके गेले. लिंबू पिळलेली दह्याची वाटी शेजारी होती, त्यात बुडवणं हा खेळ वेगळाच. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने मुगातलं लोह अंगी लागायला मदत होते, हा वरचा फायदा.

वरणफळांचंही तसंच. शंकरपाळ्यांहून लहान, पातळ लाटलेली, आमसुलाच्या वरणात मऊ शिजलेली आणि वर तूप. मेतकूट घातलेला गुरगुट्या भात आजारी माणसाचा म्हणून आपण बाजूला ठेवतो. त्यात डाळ आणि धान्य दोन्ही आहे. अंडं फेटून त्यात पोळीचे लांब तुकडे बुडवून तव्यावर परतले की हातात धरायला काठी तयार. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. त्यातलं सगळं शरीराला मिळत नाही, पण मोड आणून दळलेल्या नाचणीचं सत्त्व जरा जास्त देतं. थालीपीठ मात्र फसलं. कडा कडक होतात. भाजणीत दही घालून जाडसर, झाकून केलं तेव्हा मधला भाग चालला, कडा माझ्या वाट्याला. आमटीत तिखट पडण्याआधी तिची वाटी बाजूला काढायची, बाकी आमटी तीच. आणि तुपाला घाबरायचं नाही: लहान पोटात थोड्या जागेत जास्त बसवायचं तर चहाचा चमचाभर तूप ४५ कॅलरी देतं.

चार वाजताची वेळ माझी. बिस्किटाच्या जागी काय, हा माझ्या अस्तित्वाचा प्रश्न होता. उकडलेलं रताळं कुस्करून तुपात. पोळीचा लाडू: कालची पोळी मिक्सरमधून काढून गूळ, तूप, शेंगदाण्याचं बारीक कूट, आणि लाडू सुपारीएवढा. दह्यात भिजवलेले पोहे. पपईची बोटाएवढी फोड. भोपळ्याचे घारगे रविवारी. चहा आता मी गॅलरीत उभा राहून एकटा पितो.

भाजी लपवून द्यावी का, यावर घरात दोन पक्ष आहेत. सुनेने पालक पोळीत लपवला. पोरीने हिरवी पोळी उजेडात धरून पाहिली आणि परत केली. माझं मत असं की लपवायची तर लपवा, पण एक फोड उघडी ताटाच्या कडेला असूच द्या. लपवलेल्या दुधीशी ओळख कशी होणार?

एका बाबतीत मात्र लाड नकोत. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, अख्खी द्राक्षं, खोबऱ्याचे तुकडे, लाह्या, हे चार-पाच वर्षांपर्यंत नाहीच. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, आणि असा दाणा श्वासनलिकेत नेमका बसतो. द्राक्षं उभी चिरून चार फोडी. सीताफळ, चिकू, बोर बिया काढूनच. आपलं बोरन्हाण आठवा: बोरं, चुरमुरे, हलवा, शेंगा पोराच्या डोक्यावरून ओततो आणि भोवतालची सगळी चिल्लीपिल्ली वेचून धावत-पळत तोंडात कोंबतात. हौस करावी, पण नजर उत्सवमूर्तीच्या तोंडाकडे ठेवावी. एरवीही खाणं बसूनच.

आणि सगळ्याच न खाण्याला ‘वय आहे’ म्हणू नये. वजन महिनोन्महिने जागचं हललं नाही किंवा उतरलं, चेहरा फिकट दिसू लागला, मूल माती खातं, भिंतीचा पोपडा चाटतं, गिळताना दरवेळी ठसका लागतो, दोन वर्षांचं होऊनही सगळं पातळच लागतं, तर डॉक्टर गाठावा. माती खाण्यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते; चापट मारून ती भरत नाही.

मोबाइल शेवटी गेला. पडद्याकडे पाहत मूल किती खातंय हे त्याला कळत नाही, हे सगळ्यांना पटत होतं. पण रात्री आठला थकून आलेल्या सुनेला तत्त्व सांगायला मला तोंड नव्हतं. तोडगा असा निघाला की रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकत्र, साडेसातला, खाली बसून. नात मधोमध. ती आता आमच्या ताटांतलं उचलते. आमच्या ताटात भाजी असावी लागते, ही त्यातली अडचण. मला गवार आवडत नाही हे सहासष्ट वर्षं कुणी काढलं नव्हतं.

डॉक्टरांनी तीन दिवस सांगितले होते, वही तिसऱ्या महिन्यात आहे. दुधीच्या पानावर आजची नोंद: खेप अकरावी. फोड उचलली, वास घेतला, चाटली. अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी आबांच्या तोंडात कोंबली.

खाली हिच्या अक्षरात: आबांनी थुंकली नाही.